विकास आराखड्यात आपली जागा कशी शोधायची आणि हरकत कशी घ्यायची

बिल्डर सांगतो, समोरच्या मोकळ्या जागेवर बाग होणार. एजंट सांगतो, इथून ऐंशी फुटी रस्ता जाणार, घेऊन टाका. दोघंही खरं बोलत असतील, पण त्यांच्या शब्दावर कुणी खरेदीखत करू नये. खरं-खोटं कळतं ते शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे सगळे ज्याला डीपी म्हणतात त्यात. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे, दवाखाना कुठे, स्मशानभूमी कुठे, कुठल्या जमिनीवर घर बांधता येईल आणि कुठे फक्त शेतीच करता येईल, हे त्यात ठरलेलं असतं. शासनानं मंजुरी दिली की पुढची वीसेक वर्षं बांधकाम परवानगीचा प्रत्येक कागद त्याच नकाशावर ठेवून तपासला जातो.

हे सगळं चालतं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली. कायदा वाचायला किचकट आहे, पण सामान्य माणसाला त्यातली पाच-सहा कलमंच लागतात. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आराखडा प्रारूप अवस्थेत, म्हणजे नुसता मसुदा असताना जागे व्हा. तेव्हा एका साध्या अर्जानं जे होतं, त्यासाठी मंजुरीनंतर मंत्रालयाच्या खेपा किंवा उच्च न्यायालयातला वकील लागतो.

तुमच्या जागेचं नियोजन कोण करतं?

महापालिकेची पाणीपट्टी भरतो म्हणजे नियोजनही महापालिकाच करते, असं धरून चालू नका. कायद्यात ‘नियोजन प्राधिकरण’ असा शब्द आहे. बहुतेक शहरांत ते महापालिका किंवा नगरपरिषद असते. पण औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी असते, नवी मुंबईच्या मोठ्या भागात सिडको, वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए. शहराच्या हद्दीबाहेर प्रादेशिक आराखडा लागू असतो आणि परवानगीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाशी किंवा पुण्याभोवतीच्या पीएमआरडीएसारख्या प्रदेश विकास प्राधिकरणाशी गाठ असते.

नव्यानं हद्दीत आलेल्या गावांत तर फारच गोंधळ असतो. पुण्यात २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. त्या २३ गावांचा कचरा-पाणी महापालिकेकडे आलं, पण नियोजनाचं काम शासनानं तेव्हा पीएमआरडीएकडे दिलं. असल्या गावात प्लॉट घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका.

कागद कोणते काढायचे?

जमीन असेल तर सातबारा, सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. फ्लॅटवाल्यांना वाटतं आपल्याला याची गरज नाही. गरज आहे. तुमच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, आराखड्यात इमारतीचं नाव नसतं, तोच नंबर असतो. सोबत मोजणी नकाशा हवा, कारण जागेची हद्द त्याशिवाय डीपीच्या नकाशावर नीट बसवता येत नाही.

हे घेऊन नगररचना विभागात (पुण्यात लोक अजून ‘बांधकाम खातं’ म्हणतात) दोन गोष्टींसाठी अर्ज करायचा: झोन दाखला (जागा कुठल्या विभागात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता तुकडा). मुंबईत याच कामासाठी डीपी रिमार्क मिळतो. अनेक शहरांत हे ऑनलाइन होतं आणि शुल्क किरकोळ असतं. ऑनलाइन नकाशावर बोट ठेवून बघायला हरकत नाही, पण व्यवहार करताना सही-शिक्क्याचा दाखलाच धरा.

दाखल्यावर साधारण अशी ओळ येते: ‘सदर जागा अंशतः रहिवास विभागात, अंशतः १८ मीटर रुंद विकास योजना रस्त्याने बाधित.’ यातल्या ‘अंशतः’वर थांबा. समजा जागा एक एकर आहे, म्हणजे ४० गुंठे, आणि १८ मीटरचा रस्ता तिच्या आतून ६० मीटर लांब जातो. १८ गुणिले ६० म्हणजे १०८० चौरस मीटर, साधारण पावणेअकरा गुंठे. एजंट भाव लावणार चाळीस गुंठ्यांचा आणि तुमच्या हाती बांधायला उरणार एकोणतीस. रस्त्याखाली गेलेल्या जागेचा मोबदला मिळतो, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधता येतं तो आकडा) किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपानंही मिळतो, पण तो कधी आणि किती, हे भावात धरायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, विकणाऱ्यानं नाही. लक्षात ठेवायला सोपं म्हणून: बोलण्यातला साठ फुटी रस्ता म्हणजे नकाशातला १८ मीटर, ऐंशी फुटी म्हणजे २४, शंभर फुटी म्हणजे ३०.

नकाशा वाचताना

रंगांनी घाबरून जायचं नाही. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक. पण छटा आणि खुणा नकाशागणिक बदलतात, त्यामुळे कोपऱ्यातली सूची आधी वाचायची. ‘येलो झोनमध्ये आहे’ एवढं ऐकून लोक निवांत होतात. अहो, पिवळ्या रंगावरच आरक्षणाची रेघ असते. आरक्षणाला क्रमांक असतो आणि तो क्रमांक सोबतच्या अहवालातल्या तक्त्यात शोधायचा: खेळाचं मैदान, प्राथमिक शाळा, भाजी मंडई, दवाखाना, पाण्याची टाकी. आरक्षण पडलं म्हणजे जमीन लगेच सरकारजमा झाली असं नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, फक्त त्या कामाशिवाय दुसरं काही बांधायला परवानगी मिळत नाही. त्यामुळेच असल्या जमिनी स्वस्तात विकायला निघतात आणि नवखा माणूस त्यात अडकतो.

नदीकाठी असाल तर दोन रेषा शोधा. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घराचा विचारच सोडा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर परवानगी मिळते. सांगली-कोल्हापूरकरांना २००५ आणि २०१९ नंतर हे कुणी समजवायला नको, पण पुण्या-मुंबईहून तिकडे गुंतवणूक म्हणून प्लॉट घेणाऱ्यांना मात्र समजवावं लागतं.

डोंगराचंही तसंच. एकास पाचपेक्षा जास्त चढ असलेल्या उतारावर बांधकाम करता येत नाही. पुण्यात समाविष्ट गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, सगळे त्याला बीडीपी म्हणतात. ‘बीडीपी उठणार आहे, वरून बोलणं झालंय’ असं सांगून तिथले गुंठे कित्येक वर्षं विकले जात आहेत. उठेल तेव्हा उठेल. तुम्ही आजच्या नकाशावर व्यवहार करा.

रंगाखाली नियमावली असते. मुंबईसाठी २०३४ पर्यंतच्या आराखड्यासोबतची वेगळी नियमावली आहे. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून उरलेल्या राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. एफएसआय, रस्त्याच्या रुंदीनुसार इमारतीची उंची, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची जागा) हे सगळं तिच्यात. सोसायटीच्या लोकांनी त्यातली एक तरतूद मुद्दाम बघावी: ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा ठेवावीच लागते. तुमच्या मंजूर नकाशात ती कुठे दाखवली आहे ते शोधा, मग तिथे आज पार्किंग आहे का ते बघा.

आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे?

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि पुढचं सगळं यावरच अवलंबून असतं.

सुरुवात होते ‘इरादा जाहीर करण्या’पासून. महापालिका ठराव करते, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. मग नगररचना अधिकारी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतो, म्हणजे आज जमिनीवर प्रत्यक्षात काय आहे त्याची नोंद. हा टप्पा रुक्ष वाटतो म्हणून कुणी बघत नाही, पण पुढच्या निम्म्या चुका इथे जन्माला येतात. चालू शाळा ‘मोकळी जागा’ म्हणून लागली की पुढे तिच्यावर दुसरं काहीतरी पडतंच. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळांच्या नोंदी चुकल्याची, उभ्या इमारतींवरून रस्ते गेल्याची ओरड इतकी झाली की एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो दुरुस्त करून नव्यानं आणायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ च्या मे महिन्यात आला, शासनाची मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली.

नंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीचा अहवाल मुख्य सभेपुढे, तिथून शासनाकडे, आणि शासन मंजुरी देतं. कायद्याच्या पुस्तकात हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा घ्या: २००७ ते २०२७ या काळासाठीचा, प्रारूप प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये, मुदत उलटल्यावर २०१५ मध्ये शासनानं तो महापालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला, आणि मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं तो करण्यातच गेली! अशा रेंगाळण्याचा एक परिणाम नीट समजून घ्या: प्रारूप प्रसिद्ध झालं की मंजुरी नसली तरी परवानगी देताना त्याचा विचार करावाच लागतो. म्हणजे ‘अजून कुठे मंजूर झालाय’ म्हणून प्रारूपाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

२०२२ पासून बरीच वर्षं राज्यातल्या अनेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. अशा वेळी मुख्य सभेचा ठराव म्हणजे प्रशासकांची सही. आपल्या नगरसेवकानं सभागृहात आवाज उठवावा ही वाटच बंद झाल्यावर, नागरिकाची लेखी हरकत हे एकच साधन उरतं.

हरकत लिहिताना

मुदत नोटिशीत छापलेली असते आणि ती महिना-दोन महिन्यांचीच असते. वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. अर्ज साध्या कागदावर चालतो. काही ठिकाणी छापील नमुना किंवा ऑनलाइन अर्ज असतो, तो असला तर तोच वापरा. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेली हरकत सुनावणीच्या यादीत नसली तर तुम्ही काहीच सिद्ध करू शकत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आणि दोनशे जण तोच छापून देतात. संख्येचा दबाव पडतो हे खरं, पण समितीपुढे ते दोनशे अर्ज बहुधा एकाच ओळीत निकाली निघतात. त्यापेक्षा पुराव्यानिशी लिहिलेले पाच वेगळे अर्ज बरे. भाषा सरकारी वळणाची आणि थोडक्यात असावी. उदाहरणार्थ:

‘विषय: प्रारूप विकास आराखडा, आरक्षण क्र. ___ (प्राथमिक शाळा) याबाबत हरकत व सूचना.

महोदय, स. नं. ___, हिस्सा नं. ___ मधील जागेवर प्राथमिक शाळेचे आरक्षण दर्शविण्यात आले आहे. सदर जागेवर रीतसर बांधकाम परवानगी घेऊन बांधलेली इमारत असून तेथे २४ कुटुंबे राहत आहेत. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात ही जागा मोकळी दर्शविली आहे, ती नोंद दुरुस्त करावी. शाळेची गरज मान्य आहे. त्यासाठी लगतच्या स. नं. ___ मधील महापालिकेच्या मालकीच्या रिकाम्या जागेचा विचार व्हावा. सबब आमच्या जागेवरील आरक्षण रद्द करावे आणि आम्हांस प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.’

यात चार गोष्टी आहेत आणि चारही हव्यात: नेमकी जागा, चूक काय, पुरावा, पर्याय. पर्याय न देता नुसतं ‘आरक्षण उठवा’ म्हटलं की समितीला शाळा कुठे टाकायची हा प्रश्न तसाच राहतो, आणि मग ती जिथे आहे तिथेच राहते. आणखी एक, ‘सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य विसरू नका.

हरकत म्हणजे फक्त आपली जागा वाचवणं, असा समज पक्का झालेला आहे. जागा वाचवणारे मोठ्या संख्येनं येतात, आणि मैदान राहावं म्हणून लिहिणारे बोटावर मोजण्याइतके. त्यामुळे समितीच्या टेबलावर सगळे कागद एकाच बाजूचे पडतात. तुमच्या भागात मैदानाचं आरक्षण योग्य ठिकाणी असेल तर ‘ते कायम ठेवावे’ अशी सूचना द्यायला कायद्याची आडकाठी नाही. मी तर म्हणेन ती आवर्जून द्यावी, कारण त्या जागेचा मालक आरक्षण उठवण्यासाठी नक्की लिहिणार आहे.

सुनावणीला दहा मिनिटंही मिळत नाहीत. भाग नकाशावर आपली जागा लाल पेननं रेखून न्या, जागेचे दोन-तीन फोटो न्या, आणि पहिल्याच वाक्यात मागणी सांगा. भाषण करू नका. आपल्या मागचे पन्नास जण सकाळपासून बाहेर बसलेले असतात.

मंजुरीनंतर

समिती किंवा शासन मोठे बदल करतं तेव्हा ते बदल पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे पहिल्या यादीत तुमच्या जागेवर काही नव्हतं म्हणून निर्धास्त राहू नका. शेजाऱ्याचं उठलेलं आरक्षण तुमच्याकडे सरकलेलं असू शकतं. मंजुरीच्या वेळी असे वादाचे तुकडे बाजूला काढून ठेवतात, त्यांना ‘ईपी’ म्हणतात, म्हणजे वगळलेला भाग. आपला सर्व्हे नंबर त्या यादीत आहे का ते बघा.

मंजूर आराखडाही दगडावरची रेघ नसतो. कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टाइपात जाहीर सूचना येते, हरकतीला एक महिना मिळतो. मैदानाचा मॉल होतो तो बहुधा याच वाटेनं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना यात बोलायचा काय अधिकार, असं कुणी म्हणालं तर बेंगळुरूचा खटला सांगा: उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिल्याविरुद्ध तिथले रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा हक्क मान्य करून ते वाटप रद्द ठरवलं.

तुमच्याच जमिनीवर आरक्षण असेल तर कलम १२७ पाठ करा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला मालकी हक्काच्या कागदांसह खरेदीची, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी, नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. जुन्या लेखांत सहा किंवा बारा महिने लिहिलेलं सापडेल, ती आधीची मुदत. महापालिकेनं नुसता ठराव केला म्हणजे पावलं उचलली असं होत नाही, हे गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. नोटीस मात्र वकिलाकडून लिहून घ्या. एखादा कागद जोडायचा राहिला म्हणून नोटीसच अवैध ठरवतात.

थांबायचं नसेल तर जागा ताब्यात देऊन टीडीआर घेता येतो, किंवा समावेशक आरक्षणाखाली सुविधा बांधून महापालिकेला द्यायची आणि उरलेली जागा आपण वापरायची. छोट्या प्लॉटला दुसरा पर्याय क्वचितच परवडतो.

रेघ आहे, पैसा आहे का?

पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात शहराला वळसा घालणारा एचसीएमटीआर नावाचा मार्ग आखला होता. तो अजून कागदावरच आहे. आराखडा फक्त जागा राखतो, काम होतं ते अंदाजपत्रकातून. म्हणून डीपी रस्त्याच्या आशेवर असाल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून तीन गोष्टी विचारा: या रस्त्याचं किती टक्के भूसंपादन झालं, गेल्या तीन वर्षांत किती तरतूद झाली आणि खर्च किती पडला, तरतुदीचं वर्गीकरण झालं का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. वर्गीकरण म्हणजे तुमच्या रस्त्याचे पैसे ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणं, आणि ते मार्चच्या तोंडावर सर्रास होतं.

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात ते वर्षाच्या सुरुवातीला, पण खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडूनही कामं सुचवून घेतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पदपथ, दिवे, बसायची बाकं, ड्रेनेजची झाकणं असली कामं तिथे बसतात. डीपी रस्त्याचं भूसंपादन बसत नाही, ते लिहून अर्ज वाया घालवू नका. आणि गावात राहत असाल तर एवढा फेरा नाही: ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा ग्रामसभेतच ठरतो, तेव्हा त्या दिवशी हजर राहा आणि आपलं काम इतिवृत्तात लिहिलं गेलं का ते सही करण्याआधी वाचा.